शनिवारी बोट हलवू नये

बेनी गेल्याची बातमी मला दोनदा कळली. पहिल्यांदा वहिनींचा फोन आला, लायब्ररीत, भर दुपारी. त्या एवढंच म्हणाल्या, "लेलेभाऊजी, हे गेले... सकाळी चहा मागितला, आणि मी कप घेऊन आले तर गेलेले." दुसऱ्यांदा आठवड्याभराने कालवा-मंडळाचं पत्रक टपालाने आलं. त्या पत्रकात बेनी मेला नव्हता. 'आपल्या शेवटच्या लॉकमधून पलीकडच्या शांत पाण्यात' गेला होता. वर काळी चौकट, खाली सुकाणूचं चित्र, आणि अध्यक्षांच्या सहीच्या वरच्या ओळीत 'हा थोर दर्यावर्दी'. मी ते पत्रक वाचलं आणि घडी करून पाकिटात परत घातलं. ज्या माणसाने आयुष्यातली दहा-बारा वर्षं एका पुस्तकातून असली वाक्यं बाहेर ठेवण्यात घालवली, त्याला शेवटी त्याच वाक्यांत गुंडाळून पोचवलं होतं. तो जिवंत असता तर पत्रक परत पाठवून दिलं असतं, आणि कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं असतं, 'पाणी शांत होतं हे कोणी पाहिलं?'

इथल्या कालव्यांबद्दल तिकडच्या, महाराष्ट्रातल्या वाचकांना थोडं सांगायला हवं. रेल्वे यायच्या आधी इंग्लंडात कोळसा, लोखंड आणि चिनीमातीची भांडी वाहून न्यायला माणसांनी फावड्यांनी खणलेले हे कालवे. रुंदी आपल्याकडच्या गल्लीएवढी, खोली छातीएवढी. चढ आला की दोन भक्कम दारांमध्ये बोट कोंडायची, पाणी सोडायचं आणि बोट वर उचलून घ्यायची. ह्या दारांच्या हौदाला लॉक म्हणतात. काठाने घोडा चालायचा आणि बोट ओढायचा. पुढे रेल्वे आली, मग लॉऱ्या आल्या, घोडे गेले, आणि लोकांनी कालव्यात सायकली, गाद्या आणि मेलेली कुत्री टाकायला सुरुवात केली. मग साठच्या दशकात काही सुखवस्तू मंडळींच्या लक्षात आलं की हे गटार ऐतिहासिक आहे. मंडळं निघाली, टोप्या शिवल्या गेल्या. ह्या विशिष्ट कालव्याचं नाव मी देत नाही. त्याची मंडळी हयात आहेत आणि संपादकांना पत्रं लिहिण्याची त्यांना मोठी आवड आहे.

बिन्यामिन नागावकर हा कोकणातला बेने इस्राएल. म्हणजे धर्माने ज्यू, भाषेने आणि रागाने मराठी. मुंबईत गोदीत ड्राफ्ट्समन होता, पन्नासच्या दशकाच्या शेवटी इकडे आला आणि लंडनच्या पूर्वेला, इल्फर्डला घर घेऊन राहिला. लंडनच्या एका इंजिनिअरिंग ऑफिसात तो मैलापाण्याच्या नळांचे नकाशे काढत असे. माझी त्याची गाठ आमच्या नगर-ग्रंथालयात पडली. कालव्यातून बोटीने जायचं गाइडबुक मागायला तो काउंटरवर आला. ते पुस्तक कुठल्यातरी खालच्या फळीवर होतं आणि ते शोधताना मी स्वतःशी पुटपुटत होतो. पलीकडून मराठीत आवाज आला, "शिव्या घालायच्या तर मोठ्याने घाला की साहेब. मलाही जरा बरं वाटेल." अशी ओळख झाली.

ते हिरव्या कापडी बांधणीचं जुनं गाइडबुक होतं. कोणा हौशी सद्‌गृहस्थाने लिहिलेलं, पानोपानी विलोची झाडं आणि हंस. पंधरवड्याने बेनी ते परत घेऊन आला, लालबुंद होऊन. ऑफिसातल्या मित्राच्या बोटीने तो ते पुस्तक हातात धरून आठवडाभर फिरला होता. "लेले, हे पुस्तक चुकीच्या कपाटात आहे," तो म्हणाला. "कादंबऱ्यांत ठेव." पुस्तकात जिथे 'प्रेमळ मालकिणीची पुरातन खाणावळ' होती तिथे त्याला टायरांचा ढीग मिळाला. 'आरशासारख्या वळणावर' एक फुगलेली मेंढी तरंगत होती, आणि जिथे लेखकाला कोकिळा ऐकू आली तिथे हाडांपासून सरस बनवायचा कारखाना होता. "आणि तो वास लेल्या... वासाबद्दल एक अक्षर नाही! माणूस नाक घरी ठेवून गेला होता का?" त्याच भेटीत 'लेले'चा 'लेल्या' झाला आणि पुढे तोच राहिला.

मी त्याला समजवायला गेलो की गाइडबुकं अशीच असतात. लोकांना घरबसल्या वाचायला छान वाटलं म्हणजे झालं. तो म्हणाला, "मग घरी बस म्हणावं. ज्याला बोटीतून जायचंय त्याला सांग ना, जेवण कुठे करायचं नाही ते." हा प्रश्न मला वाङ्‌मयीन वाटला नव्हता, पण नंतर कळलं की गाइडबुकाबद्दल ह्याहून शहाणा प्रश्न नाही.

मग त्याने बोट घेतली. साउथहॅम्प्टनला मोडीत निघालेल्या एका जहाजाची लाइफबोट होती ती. लॉरीवर घालून कालव्यापर्यंत आणली, वर प्लायवूडची केबिन ठोकली, मागे एक इंजिन बसवलं ज्याचा स्वभाव मालकासारखाच होता. मी वर्षातून एखादा आठवडा सोबत जायचो. कोणी समजू नये की ती सहल असायची. बेनी बोटीवर अत्यंत वाईट माणूस होता. दोर चुकीचा फेकला की माझ्या शिक्षणाचा उद्धार. लॉकच्या दाराला खांदा लावताना मी थांबलो तर, "काय पंडित, इथे पण अनुक्रमणिका लागते का?" स्वैपाक तर असा करायचा की मी बिस्किटांवर दिवस काढलेले आहेत. पण पुलाखालून गेलो की इंजिन मंद करायचा, गुडघ्यावरच्या पाटीवर कागद लावून ठेवलेला असायचा, त्यावर कालव्याची पट्टी काढायचा. नकाशा खालून वर वाचायचा, बोट जाते तसा. पान उलटलं की पुढचं वळण. डाव्या हाताचं डावीकडे, उजव्या हाताचं उजवीकडे. मैलापाण्याचे नळ काढून काढून त्याची रेघ अशी झाली होती की तिच्यात नटवेपणाला जागाच नव्हती.

ते गाइडबुक त्याने स्वतःच छापलं, इल्फर्डमधल्या लग्नपत्रिका छापणाऱ्या छापखान्यात. नकाशांच्या बाजूला अरुंद रकान्यात इंग्रजीत टिपा. त्यातल्या काही मला पाठ आहेत आणि मराठीत सांगायच्या तर अशा: 'पुलानंतर डावीकडे कातडी कमावण्याचा कारखाना. जेवण आधीच उरकावं. नंतर इच्छा राहणार नाही.' 'इथे हंस आहेत. देखणे नाहीत, भुकेले आहेत.' 'ह्या खाणावळीची पाटी जुनी आहे, बाकी काहीही नाही.' आणि एका लांबलचक बोगद्याविषयी फक्त, 'काळोख. वरून पाणी गळतं. बोगदा बांधताना मेलेल्या मजुरांची पाटी कुठेही नाही. बांधायचा हुकूम देणाऱ्यांची दोन्ही तोंडांना आहे.'

ह्यातलं काहीही मंडळाला पचलं नसतं. पण खरा घोटाळा झाला तो शनिवारचा.

बेने इस्राएल लोकांना कोकणात शनिवार-तेली म्हणत, कारण ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या वारी, घाणा बंद ठेवायचे. बेनी काही कर्मठ नव्हता. प्रार्थनागृहात तो वहिनींनी धरून नेल्याशिवाय जात नसे, आणि देवाबद्दल विचारलं तर म्हणायचा, "आमचं बोलणं आहे, येणंजाणं नाही." पण शनिवारी बोट हलायची नाही म्हणजे नाही. शुक्रवारी सूर्य कलला की जिथे असू तिथे खुंट ठोकून बोट बांधायची, ती शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. मी एकदा वैतागून म्हटलं, "अरे, समोर कारखान्याचं गटार आहे, निदान पुढच्या पुलापर्यंत तरी..." तर म्हणाला, "माझा आजा सहा दिवस बैल गोल गोल फिरवायचा. सातव्या दिवशी म्हणायचा, आज त्याला सरळ उभं राहू दे. लेल्या, बैलाने कधी विचारलं नाही, समोर काय आहे म्हणून."

शुक्रवारी संध्याकाळी वहिनी बहुतेक वेळा ट्रेनने जवळच्या स्टेशनवर यायच्या, हातात डबा. नारळाच्या रसातले मासे, पुऱ्या, एखादा गोड पदार्थ. केबिनमध्ये दिवा लावायच्या, आणि दुसऱ्या दिवशी चूल न पेटवता ते गार जेवण आम्ही काठावर बसून खायचो. शनिवारी दिवसभर बेनी नुसता बसायचा. लिहायचं नाही, रेघ मारायची नाही, फक्त बघायचं. रविवारी सकाळी मात्र सगळं उतरवून काढायचा: कोणत्या घरातली बाई धुणं कुठे वाळत घालते, सावली कोणत्या भिंतीवरून कुठे सरकते, कारखान्याचं पाणी कधी जांभळं होतं आणि कधी तपकिरी, बाकावर येऊन बसणारे म्हातारे एकमेकांशी का बोलत नाहीत. पुस्तकात त्यामुळे एक गंमत झाली. सहा दिवस चालून जे दिसलं त्याला एकेक अरुंद रकाना, आणि जिथे बोट थांबली त्या जागेला पानंच्या पानं. टप्पेही त्याने तसेच पाडले. रविवारपासून शुक्रवारपर्यंत प्रवास, आणि मग जाड अक्षरांत एक ओळ: 'शनिवारी बोट हलवू नये.'

आता इंग्लंडातली रीत अशी की भाड्याच्या बोटी शनिवारी दुपारी मिळतात आणि पुढच्या शनिवारी सकाळी परत करायच्या असतात. हे इथल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. बेनीला माहीत नव्हतं, कारण त्याची बोट स्वतःची, आणि शनिवारी बोटी कुठे जातात ह्याच्याकडे त्याने कधी हिशेब म्हणून पाहिलंच नव्हतं. त्याच्या लेखी ते सगळे चुकलेले लोक होते. परिणामी भाड्याने बोट घेणारा माणूस शनिवारी दुपारी उत्साहाने किल्ली घ्यायचा, गाइडबुक उघडायचा, आणि पहिलीच सूचना असायची की हलू नका. आठवडाभरासाठी बोट घेतलेल्यांपैकी एका गृहस्थाने, छापील गोष्टीवर विश्वास असल्यामुळे, बायकामुलांसकट पहिली रात्र बोटीच्या अड्ड्यावर डिझेलच्या पंपाशेजारी काढली आणि मग तक्रारीचं पत्र लिहिलं. बेनीने उलट टपाली लिहिलं, 'पंपाजवळ काय काय दिसलं ते कृपया कळवा. त्या जागेची माझ्याकडे माहिती कमी आहे.' मला वाटलं आता कोर्टकचेरी होते. पण त्या माणसाने खरंच कळवलं, दोन पानं भरून! पहाटे तेल घ्यायला येणारा कोळशाचा बोटवाला, पंपाखालच्या तवंगात अंघोळ करणारी चिमणी, सगळं. दुसऱ्या आवृत्तीत ते त्याच्या नावासकट आलं. टप्पे मात्र बेनीने बदलले नाहीत. मी म्हटलं, "निदान एक तळटीप घाल." तो म्हणाला, "घातली असती. पण मग लोक तळटीप वाचून निघतील."

गंमत अशी की पुस्तक खपायला लागलं. लोक शिव्या द्यायचे आणि विकत घ्यायचे, कारण नकाशे चोख होते; दुसऱ्या कोणत्याही पुस्तकावर भरवसा ठेवून त्या कालव्यातून गेलं की बोट गाळात रुतायची. तेव्हा मंडळाने त्याला जवळ केलं. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे एक उंच, गुलाबी गृहस्थ. पितळी बटणांचा कोट आणि पांढऱ्या माथ्याची कप्तानाची टोपी घालून छातीभर पाण्यात वावरणारे. बेनी त्यांना कमोडोर म्हणायचा, मीही तेच म्हणतो. दुरुस्त केलेल्या एका लॉकच्या उद्‌घाटनाला कमोडोरनी बेनीला पुढच्या रांगेत बोलावलं, आणि आदल्या दिवशी फोन करून विचारलं की तुमचा पारंपरिक पोशाख घालून आलात तर फोटो फार सुंदर येईल. बेनी म्हणाला, "आमचा पारंपरिक पोशाख म्हणजे गोदीतली खाकी हाफ पँट. थंडी आहे, पण घालतो." ते सूट घालून या म्हणाले. तिथे माइकवर त्याची ओळख 'आमचे हिंदू मित्र' अशी करून देण्यात आली. महापौरांच्या गळ्यातली साखळी, बँड, शेरी... दारातून पाणी सुटलं तेव्हा पहिल्यांदा काय बाहेर आलं असेल तर एक मेलेलं डुक्कर. सगळ्यांनी दुसरीकडे पाहिलं. बँड वाजतच राहिला. बेनीने खिशातून कागद काढून जागेची खूण केली. मी त्या दिवशी ठरवलं की असल्या समारंभाला परत जायचं नाही, आणि त्याच्यासाठी परत परत गेलो.

आमचे लोकही काही कमी नव्हते. महाराष्ट्र मंडळातले एक डॉक्टर, बड्या डॉक्टरांच्या हार्ली स्ट्रीटच्या आसपास कुठेतरी खोली भाड्याने असलेले, जमलेल्या मैफलीत त्याला 'गटारातले गलबतवाले' म्हणायचे आणि बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. परवा शोकसभेत हेच डॉक्टर मराठ्यांच्या आरमारी परंपरेवर अर्धा तास बोलले आणि बेनीला त्या परंपरेच्या टोकाला बसवून खाली उतरले. समोसे होते. माझ्या शेजारच्या बाईंनी विचारलं, "नेव्हीत होते का हो?" मी म्हटलं, "नाही, ड्रेनेजमध्ये." त्यांनी खुर्ची थोडी सरकवली.

गेल्या वर्षी बेनीला कळलं की कातडीचा कारखाना बंद पडला. मला वाटलं तो खूश होईल. पण तो अस्वस्थ झाला. "वास गेला असेल तर पान बदलायला लागेल," तो म्हणाला. मी म्हटलं, खोड ना मग. तर चिडला. "इथे इल्फर्डमध्ये बसून? नाक लावल्याशिवाय? मग त्या हिरव्या पुस्तकवाल्यात आणि माझ्यात फरक काय?" हृदयाच्या दुखण्यामुळे त्याला जिने चढायलाही बंदी होती, लॉकची दारं तर लांबच. उन्हाळ्यात जाऊ, मग सप्टेंबरात जाऊ, मग वसंतात नक्की... असं करत तिसरी आवृत्ती राहिली. शेवटच्या भेटीत तो खुर्चीत बसूनच विचारत होता, "लेल्या, कारखाना बंद झाला की वास लगेच जातो का रे? की मातीत राहतो?" मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, राहत असेल. त्याला ते उत्तर पसंत पडलं नाही. अंदाज होता ना.

कालवा-मंडळाची श्रद्धांजली सभा कालव्याकाठच्या एका चर्चच्या हॉलमध्ये झाली. वहिनींच्या घरी सुतक होतं, त्यामुळे मी एकटाच गेलो. एका ज्यू माणसाच्या स्मरणार्थ मांडलेल्या टेबलावर हॅमची, म्हणजे डुकराच्या मांसाची सँडविचं होती. मी एरवी खातो, पण त्या दिवशी बेनीच्या वतीने खाल्ली नाहीत. भाषणांमध्ये बेनीची 'पौर्वात्य शांती' आणि 'मंद स्मित' ह्यांचा उल्लेख झाला. त्याच्या शांतीत दहा वर्षं दोर फेकलेला माणूस म्हणून मी मान खाली घालून बसलो. शेवटी कमोडोरनी जाहीर केलं की मंडळ गाइडबुकाची स्मृती-आवृत्ती काढणार आहे. पहिल्या पानावर बेनीचा फोटो, अध्यक्षांची प्रस्तावना, आणि 'काळानुरूप सौम्य संपादन'. टाळ्या पडल्या. मी नमुना-प्रत चाळली. नकाशे बेनीचे. बाकी कातडीचा कारखाना नव्हता, सरसाचा नव्हता, बोगद्यातले मजूर नव्हते. टप्पे शनिवारी सुरू होत होते. थांबलेल्या जागांची पानं सगळी गेली होती आणि त्या ठिकाणी हंसांची छायाचित्रं होती. फक्त नकाशांसाठी वहिनींची संमती तेवढी हवी होती.

मी तसाच इल्फर्डला गेलो आणि प्रत वहिनींपुढे ठेवली. रिबेकावहिनी मुळात शाळेतल्या बाई; पान न पान वाचतात. सगळी वाचून झाल्यावर चष्मा काढून म्हणाल्या, "ह्यात खोटं काहीच नाही हो भाऊजी. फक्त खरं काढून टाकलंय." मग पुन्हा पहिलं पान उघडून त्या फोटोकडे बघत राहिल्या. मला भीती वाटत होती ती ह्या बघण्याची. तीन आठवड्यांपूर्वी नवरा गेलेली बाई; त्याचा फोटो, त्याचं नाव, गुळगुळीत कागद, दुकानांतून मांडलेलं पुस्तक. हे नाकारलं तर बेनीचं पुस्तक मागच्या खोलीतल्या उरलेल्या गठ्ठ्यांबरोबर संपणार. स्वीकारलं तर बेनी संपणार. मला माझं उत्तर माहीत होतं, पण ते पुस्तक माझं नव्हतं, नवराही माझा नव्हता.

कमोडोर संमती घ्यायला स्वतः आले, आणि आले ते शनिवारी. दहा वर्षांची ओळख, ते एवढंसं पुस्तक, त्यात ती एक जाड अक्षरातली ओळ... तरी शनिवारी! मी तिथे होतो. वहिनींनी त्यांना थर्मासमधला आदल्या दिवशीचा चहा दिला. शनिवारी त्या गॅस पेटवत नाहीत. कमोडोरनी तो कोमट चहा लष्करी धैर्याने प्यायला आणि कागद पुढे केला.

"आज मी सही करत नाही," वहिनी म्हणाल्या.

"अर्थातच, मिसेस नागावकर, तुम्ही सवडीने वाचा..."

"वाचलंय. शनिवारी आम्ही लिहीत नाही. उद्या या."

कमोडोरनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे. ते म्हणाले, "पण छापखाना थांबलाय."

"थांबू दे की," वहिनी म्हणाल्या. "पुस्तकात तेच तर लिहिलंय."

कमोडोरना ती रात्र लंडनच्या दुसऱ्या टोकाला, स्टॅनमोरला बहिणीकडे काढावी लागली. बहिणीशी त्यांचं फारसं जमत नसावं, कारण रविवारी सकाळी लवकरच आले, टोपी हातात, चेहऱ्यावर झोप नाही. वहिनींनी ह्या वेळी गरम चहा दिला. मग सांगितलं: नकाशे हवेत तर सगळं जसंच्या तसं छापा, शनिवार आणि वासासकट. नाहीतर नकाशे नाहीत, नाव नाही, फोटो नाही. कमोडोर फार हळुवारपणे बोलले. लोक सुट्टीवर येतात, त्यांना आनंद हवा असतो. शिवाय तो कारखाना तर बंदच पडलाय, तिथे आता वास नाही.

"तुम्ही गेला होता बघायला?"

"मला तसं कळवण्यात आलंय."

"कोणी?"

कमोडोरना ते आठवेना. वहिनी म्हणाल्या, "जो तिथे जाऊन उभा राहिला त्याचंच हे छापायचे. पंपाशेजारी झोपलेल्या माणसाचंसुद्धा छापलं. तुम्ही जा, एक दिवस तिथे बोट बांधून बसा आणि मला सांगा. वास नसेल तर मी स्वतः ती ओळ खोडीन."

"एक संपूर्ण दिवस? तिथे?" कमोडोर म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी किळस उमटली ती त्या सगळ्या प्रकरणातली पहिली प्रामाणिक गोष्ट होती.

ते नकाशांशिवाय गेले. ऐकतो की मंडळ आता स्वतःचं गाइडबुक काढणार आहे, कोणी चित्रकार नेमलाय, मुखपृष्ठावर हंस आहे. निघेल, खपेल, लोक गाळात रुततील आणि सुट्टी छान झाली म्हणतील. बेनीचं पुस्तक कुठल्याही दुकानात नाही. अधूनमधून कोणाचं तरी पत्र येतं, बहुतेक अनोळखी, प्रत आहे का विचारणारं; वहिनी गठ्ठ्यातली एक काढून पाठवतात. त्यांना मी विचारलं, हे बरोबर झालं असं वाटतं का. त्या म्हणाल्या, "माहीत नाही. त्या पानावरचा फोटो छान होता हो... सुटातला."

गेल्या रविवारी मी इल्फर्डला गेलो तेव्हा त्या मागच्या खोलीत होत्या, बेनीच्या ड्रॉइंग बोर्डापाशी. बोर्डावर तिसऱ्या आवृत्तीची पट्टी अजून टाचण्यांनी लावलेली आहे, कातडीच्या कारखान्याच्या वळणावरची. कालव्याच्या दोन रेघा आहेत, पूल आहे, आणि डावीकडचा रकाना कोरा आहे. शुक्रवारी संध्याकाळी बेनी त्या बोर्डावर एक जुनी चादर टाकायचा, रविवारी सकाळी काढायचा, हे मला माहीतच नव्हतं. मी शनिवारी त्या खोलीत कधी गेलोच नव्हतो. वहिनी आता ती टाकतात आणि काढतात. मी म्हटलं, "वहिनी, आता रोजच झाकून ठेवलं तर? धूळ बसते."

"रोज झाकलं तर शनिवार कुठला ते बोर्डाला कसं कळणार?" त्या म्हणाल्या, आणि चादरीची घडी घालून खुर्चीच्या पाठीवर ठेवली. मग त्या कोऱ्या रकान्याकडे बघत म्हणाल्या, "एप्रिलमध्ये बोटीचं इंजिन तुम्हाला चालू करता येईल का हो भाऊजी? शुक्रवारी तिथे पोचायला हवं."